आज नाही मेलो

गुन्हेगारी मालिका म्हणजे पोलीस खात्याचा फुकटचा प्रचार आहे, असं पत्रक मी स्वतः लिहून बदलापूर स्टेशनबाहेर वाटलेलं आहे. मथळा होता, ‘टीव्हीवरचा पोलीस रस्त्यावर कधी उतरणार?’ त्यातला एक शब्दही मी आजही मागे घेत नाही. अडचण एवढीच झाली की उरलेली पत्रकं पिशवीत घेऊन मी कात्रपला भाड्याची खोली बघायला गेले, आणि जे घरमालक निघाले ते त्याच मालिकेत मढ्याचं काम करत होते.

त्यांनी पत्रक मागून घेतलं, चष्मा लावला, दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि म्हणाले, ‘चांगलं लिहिलंयस. पण पोरी, यात बॉडीबद्दल काहीच नाही.’

‘बॉडीबद्दल काय लिहायचं?’

‘अगं, पोलीस चुकला तर चालतं, खुनी चुकला तर चालतं. बॉडी हलली की एपिसोड गेला.’

मला खोली मिळाली. जुन्या दोन मजली बिल्डिंगमध्ये शेजारशेजारच्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. एकीत ते आणि काकू, दुसरीत मी आणि आमच्या संघटनेचे बॅनर. बिल्डिंगमधली पोरं त्यांना ‘बॉडीकाका’ म्हणायची आणि ते ‘काय रे’ म्हणून ओ द्यायचे.

मधली भिंत पातळ. दुपारी पलीकडून सगळा आवाज बंद व्हायचा. भांडं नाही, खोकला नाही, काही नाही. मग काकूंचा आवाज यायचा, ‘अहो, आहात ना?’

थोडं थांबून उत्तर यायचं, ‘आहे.’

मग पुन्हा शांतता. मला पहिले काही दिवस वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी दुखणं असेल. मग कळलं, रियाज चाललाय.

जेवण झालं की ते बाहेरच्या गॅलरीत सतरंजी टाकायचे आणि मरायचे. उताणे, पालथे, एक पाय दुमडून, कधी जिन्याच्या पायरीवर डोकं खाली करून. शाळेतून आलेली पोरं दप्तरं सांभाळत त्यांना ओलांडून जायची. कुणी थांबायचंसुद्धा नाही. फक्त कुरियरवाला नवीन असला की किंचाळायचा, आणि काका डोळे न उघडता सांगायचे, ‘सही बायकोला करू दे.’ गालाला ते गुळाचं बोट लावून घ्यायचे. कशाला? तर माश्या याव्यात म्हणून. ‘कॅमेऱ्यासमोर नेमकी माशी येते. तिची सवय घरी करावी लागते,’ हे त्यांचं म्हणणं. मी गुळावर माशी बसलेला माणूस हसू दाबून पडलेला पाहिलाय. गाल जरासुद्धा हलला नाही. हसले मात्र कानांनी. तसं कुणाला हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. ‘मरणाऱ्यानं घाई करू नये.’ ‘मेल्यावर सगळ्यांत आधी पोट मेलं पाहिजे.’ दुसऱ्या मढ्यांबद्दल त्यांची मतंही स्पष्ट होती. बदलापूर वेस्टला अजून एक जण हेच काम करायचा. त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायचे, ‘मरतो बरा. पण त्याला खाज सुटते.’

कपडे त्यांना स्वतःचे न्यावे लागायचे, कारण खोट्या रक्ताचे डाग खरेच पडतात. त्यासाठी आम्ही उल्हासनगरला त्यांच्या ठरलेल्या सिंधी दुकानदाराकडे जायचो. काकांना बघितलं की तो गादीवरूनच हाक मारायचा.

‘आओ साईं, आओ! इस बार कैसे जाओगे? पानी में या छुरी से?’

‘पाण्यात.’

‘फिर कॉटन मत लो, भारी हो जाएगा, ऊपर नहीं आओगे. टेरिकॉट निकालता हूँ.’ मग माझ्याकडे वळून, ‘बेटी, तेरे काका जैसा कस्टमर नहीं देखा. हर महीने मरता है, हर महीने नया शर्ट लेता है.’

काका खूश. ते शर्ट अंगाला लावून आरशात बघायचे आणि गंभीरपणे विचारायचे, ‘यात मेलेला दिसेन ना?’

‘एकदम!’ तो म्हणायचा.

हे सगळं सुरू कसं झालं, ते काका दर वेळी वेगळं सांगायचे. पण काकूंनी सांगितलेलं खरं धरायचं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात काकांनी उमेदीची सगळी वर्षं काढली तो बंद पडला. मशीन गेल्या, माणसं गेली, शेड उरली. शेडला वॉचमन हवा म्हणून काका उरले. अशा रिकाम्या शेडी शूटिंगवाल्यांना फार आवडतात. आमच्या पोटावर पाय पडला की त्यांना लोकेशन मिळतं, यावर माझं एक वेगळं पत्रक आहे, ते सध्या बाजूला ठेवू. तर तिथे मालिकेचं शूटिंग लागलं, आणि जो मढं म्हणून आणला होता तो शेडमधल्या जुन्या धुळीनं शिंकायला लागला. मेला की शिंकायचा. पुन्हा मेला की पुन्हा शिंकायचा. डायरेक्टरनं डोकं धरलं. काका गेटवरून आत आले आणि म्हणाले, ‘मी पडू का? मला या धुळीची सवय आहे.’

पडले. तिथून त्यांची दुसरी नोकरी लागली.

आता मालिकेचा साचा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी एक हसतं-खेळतं घर. पहिली जाहिरात लागायच्या आत त्या घरातला एक जण मरतो, म्हणजे बहुतेक वेळा काका. मग मोठे साहेब येतात. साहेब मढ्याकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. दुसऱ्या जाहिरातीपर्यंत लॅबचा रिपोर्ट येतो. तिसऱ्या जाहिरातीनंतर जो सगळ्यांत जास्त रडत होता तोच खुनी निघतो. काय तो वेग! आमच्याकडच्या चौकीत तक्रार घेऊन गेलं की आधी हद्द कुणाची यावर चर्चा होते, ती संपेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. मी हे सगळं काकांना तावातावानं सांगायचे. ते शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, ‘काल विहिरीत कसा होतो?’

सगळी बिल्डिंग त्यांना बघायची. अंबरनाथचे रिक्षावाले ओळखायचे. ‘काका, परवा जिन्यावरून मस्त पडलात!’ एकट्या काकू बघायच्या नाहीत. संपूर्ण गावाला मढं म्हणून माहीत असलेल्या माणसाला त्याच्या बायकोनं टीव्हीवर कधीच पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त पहिल्यांदा. तेव्हा काका शेजारी पाटावर बसून भाकरी खात होते, आणि समोर टीव्हीवर त्यांच्यावर पांढरी चादर ओढली. काकूंच्या हातातली परात खाली पडली. त्या दिवसापासून मालिकेचं संगीत सुरू झालं की काकू टीव्ही बंद करायच्या. आणि काका, ज्यांना कशाचं काही वाटायचं नाही, ते टीव्हीच्या काळ्या काचेकडे जरा वेळ बघत राहायचे. मला एकदाच बोलले, ‘सगळ्यांनी बघितलं गं. जिच्यासाठी करायचं तिनंच नाही.’ लगेच विषय बदलला, पण मी ऐकलं होतं.

काकू वांगणीच्या पलीकडच्या पाड्याशेजारच्या गावातल्या. शूटिंगहून काका आले की त्या दारात पाण्याची बादली आणि कडुलिंबाचा पाला घेऊन उभ्या. मयताहून आलेल्या माणसाला देतात तसं. आधी पान चावायचं, पायावर पाणी, मग घरात. मी अंधश्रद्धेच्या विरोधात शाळाशाळांतून बोललेली मुलगी. मला राहवलं नाही.

‘काकू, हे सगळं आपल्या लोकांनी कधीच सोडलंय ना? समोर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि तुम्ही पाला घेऊन उभ्या!’

‘सोडलंय ना,’ काकू म्हणाल्या. ‘नवरा नाय सोडलेला.’



काका मात्र मुकाट्यानं पान चावायचे. तोंड इतकं वाकडं करायचे की आयुष्यात कॅमेऱ्यासमोर एवढा अभिनय कधी केला नसेल.

आता तो मोर्चा. आमच्या गल्लीत गटाराची झाकणं गायब झाली होती. उघडी भोकं, पावसात दिसायचीसुद्धा नाहीत. मी निवेदन घेऊन एका ऑफिसात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, सगळी सारखीच आहेत. खिडकीतल्या माणसानं निवेदन वाचलं आणि विचारलं, ‘कुणी पडलंय का?’

‘नाही.’

‘मग घाई काय आहे? काही झालं की या.’

काही झालं की या! मी त्या खिडकीशी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. आम्ही ठरवलं, या ऑफिसची अंत्ययात्रा काढायची. तिरडी, पुढे मडकं, मागे घोषणा. तिरडीवर नेहमीप्रमाणे पेंढ्याचा पुतळा ठेवायचा. मी गॅलरीत बसून पुतळ्याला जुना शर्ट चढवत होते. काका खाली पडून रियाज करत होते. एक डोळा उघडून म्हणाले, ‘पेंढा कशाला? मी आहे ना.’

हे मी आनंदानं मान्य केलं आणि पस्तावले. कारण काका फार चांगले मेले.

आम्ही घोषणा देत ऑफिसच्या आवारात पोचलो, तिरडी खाली ठेवली, आणि घोषणा हळूहळू बंदच पडल्या. मेलेल्या माणसाच्या उशाशी कोण ओरडणार? आमच्याच पोरांनी माना खाली घातल्या. शिपायानं टोपी काढली. रस्त्यानं जाणारी एक अनोळखी बाई आत आली, डोक्यावर पदर घेतला, वेणीतलं फूल काढून काकांच्या पायावर ठेवलं आणि डोळे पुसत निघून गेली. मी काकांच्या कानाशी वाकून दातओठ खात म्हटलं, ‘काका, जरा कमी मरा! मोर्चा थंड पडतोय!’

ओठ न हलवता उत्तर आलं, ‘कमी कसं मरतात?’

मोठे अधिकारी वरून धावत खाली आले. त्यांनी तिरडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रुमाल काढून कपाळ पुसलं. ‘आमच्या गटाराच्या चेंबरमध्ये पडले का हो हे?’ मी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, ‘साहेब, झाकणं नाहीत.’ त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. तासाभरात टेम्पो आमच्या गल्लीत. झाकणं बसली, सिमेंटनं कडा भरल्या. मग काका उठून बसले, कारण पायावरच्या फुलात मुंगी होती आणि मुंगीची सवय त्यांनी केली नव्हती. अधिकारी जे ओरडले ते ओरडले, पण झाकण बसल्यावर काढणार कसं?

सगळी गल्ली नाचली. मीही नाचले. पण परत येताना मला राग आलाच. म्हणजे माणूस मेल्याशिवाय या लोकांना हलायचंच नाही. मालिकेतही तेच. पहिल्या जाहिरातीआधी मढं पडलं नाही तर साहेबांची गाडीच निघत नाही. मी हे काकांना म्हटलं.

‘मग माझं पोट कसं चालायचं?’ काका म्हणाले, आणि मग जरा विचार करून, ‘तरीपण बरोबर बोललीस.’

काकू दारात पाला घेऊन उभ्याच होत्या. आम्हा सगळ्यांना, मोर्चातल्या एकूण एक माणसाला, त्या दिवशी पान चावायला लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी काका धावत माझ्या खोलीत आले. धावत! मी त्यांना तेव्हापर्यंत पडलेलं किंवा बसलेलंच जास्त पाहिलं होतं.

‘अगं, मी मरत नाहीये!’

‘काय झालं?’

‘या एपिसोडात मी मरत नाही! शेवटपर्यंत नाही!’

झालं असं, की मालिकेत एक नवीन लेखिका आली होती. तिनं गोष्ट लिहिली ती अशी: एका म्हाताऱ्याच्या जिवावर कुणीतरी उठलंय. तो पोलीस चौकीत जातो. तिथे त्याचं ऐकतात. आणि त्यामुळे खून होतच नाही. बस. एवढीच गोष्ट. एवढ्या वर्षांत साचा पहिल्यांदा मोडणार होता. आणि म्हाताऱ्याचं काम काकांनाच द्यायचं तिनं अडून धरलं होतं. तिचं म्हणणं, हा चेहरा दिसला की प्रेक्षकाला खात्रीच असते की हा जाणार. लोक शेवटपर्यंत श्वास रोखून बसतील.

काकांना एक वाक्यही होतं. आयुष्यातलं पहिलं वाक्य. ‘साहेब, मला मारणार आहेत. अजून मारलं नाही, म्हणून लवकर आलोय.’ ते वाक्य त्यांनी दुकानदाराला म्हणून दाखवलं, रिक्षावाल्यांना म्हणून दाखवलं, दूधवाला तर घाबरून खरंच चौकीत निघाला होता.

शूटिंग वांगणीला एका फार्महाऊसवर होतं. चौकी तिथेच एका खोलीत टेबल मांडून केली होती. मी डबा घेऊन बरोबर गेले, आणि तिथे भलताच घोळ झाला. डायरेक्टर ‘ॲक्शन’ म्हणाला आणि काकांचा श्वास बंद झाला. एवढ्या वर्षांची सवय! ‘ॲक्शन’ म्हणजे मरायचं. ते चौकीच्या दारात ताठ उभे, नजर स्थिर, छाती जागेवर. उभ्या उभ्या मेलेले. ‘कट’ म्हटलं की भस्सकन श्वास.

‘काका, डायलॉग!’

‘हो हो, आता बोलतो.’

‘ॲक्शन!’

पुन्हा मढं. असं कितीतरी वेळा झालं. चेहरा जांभळा व्हायला लागला. मालिकेतले साहेब स्वतः खुर्चीतून उठून पाणी घेऊन आले. डायरेक्टर वैतागून लेखिकेला म्हणाला, ‘दुसरा कुणीतरी बघू या का?’ काकांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्या वेळी ते खरंच गेल्यासारखे दिसले.

मी आत घुसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुठेच कुणी बोलावत नाही. डायरेक्टरला म्हटलं, ‘तुम्ही ॲक्शन म्हणू नका. तो शब्द यांच्यासाठी मरणाचा आहे. नुसतं म्हणा, बोला काका.’ आणि काकांना म्हटलं, ‘काका, हे शूटिंग नाही. आपण निवेदन द्यायला आलोय. झाकणांचं.’

काकांनी शर्ट खाली ओढला. चपला दाराबाहेर काढल्या. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

‘बोला काका,’ डायरेक्टर म्हणाला.

आणि काका बोलले. साधं, जरा घोगरं, खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसासारखं. लेखिका तोंडावर हात धरून रडत होती. शूटिंगवाल्यांनी चपला काढलेल्या तशाच ठेवल्या. कॅमेरा मुद्दाम परत येऊन त्या चपलांवर थांबला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. काकू दारात, बादली, पाला.

‘अगं, आज नाही मेलो,’ काका म्हणाले.

‘खोटं नका बोलू. तुम्ही मेल्याशिवाय ती माणसं सोडतात व्हय?’

‘शप्पथ! हिला विचार.’

‘ती तुमचीच साक्षीदार. चावा पान.’

चावलं.

खरी लढाई पुढे होती. एपिसोड लागणार संध्याकाळी सातला, आणि काकू बघायला तयार नाहीत. मी जिन्यात पत्रक लावलं: ‘जाहीर आवाहन! एकच मागणी, काकूंनी एपिसोड बघावा!’ काकूंनी ते काढून त्यावर पापड वाळत घातले. मग पोरांनी दारात घोषणा दिल्या. काकूंनी पोरांना पापड दिले, पोरं फुटली. मग मी स्वतः चर्चेला बसले.

‘तू मला सांगतेस?’ काकू म्हणाल्या. ‘तुझा तर बहिष्कार हाय ना त्या मालिकेवर? पेपर छापला होतास.’

‘एका दिवसापुरता स्थगित केलाय.’

‘मग माझाबी पुढच्या वर्षी स्थगित करीन.’

अशी माणसं आमच्या संघटनेत असती तर राज्य बदललं असतं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा काका गॅलरीत सतरंजीवर पडले होते. त्यांनी बायकोला कधीच ‘बघ’ म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी डोळे मिटूनच बोलले.

‘अगं, मी चालतो त्यात.’

काकूंचा पापडावरचा हात थांबला.

‘बोलतो पण,’ काका म्हणाले.

‘चालत कुठं जाता?’

‘पोलीस चौकीत.’

‘आणि मग?’

‘मग घरी.’

काकूंनी पापड उलटला. मग म्हणाल्या, ‘हात माझ्या हातात द्यायचा. शेवटपर्यंत. तर बघीन.’

सातला त्या एका खोलीत सगळी बिल्डिंग. पलंगावर काका-काकू, काकूंच्या एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात काकांचं मनगट. डॉक्टर धरतात तसं. संगीत सुरू झालं तसा रिमोट वर आला. मी म्हटलं, ‘काकू!’ रिमोट खाली गेला.

हसतं-खेळतं घर. काका नातवाला झोका देत होते, टीव्हीवर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग काका पिशवी घेऊन बाजाराला निघाले, आणि मागून एक माणूस, हातात लोखंडी सळई. ढोल वाजायला लागले. पहिली जाहिरात जवळ आली होती. इथे काका जातातच. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं की या वेळी जात नाहीत, तरी कुणाचा श्वास चालत नव्हता. सळई वर गेली.

पडदा काळा. काकूंनी बटण दाबलं होतं.

‘काकूऽऽ!’ सगळे ओरडले.

‘मी नाय बघणार! गेले ते! मला माहीत हाय!’

‘अहो काकू, इथे बसलेत ना!’

काकूंनी मनगट घट्ट धरलं. काळ्या टीव्हीकडे बघत विचारलं, ‘अहो, आहात ना?’

‘आहे,’ शेजारून काका म्हणाले. ‘लाव. तिथेपण आहे.’

लावला तेव्हा जाहिरात चालू होती. कुठल्यातरी साबणाची. एवढी मन लावून बघितलेली जाहिरात त्या कंपनीच्या मालकानंही बघितली नसेल. जाहिरात संपली, सळई हुकली, काका बाजाराच्या गर्दीत शिरले. आणि मग समोर दार. दाराबाहेर काढलेल्या चपला. काका चालत आत गेले.

‘साहेब, मला मारणार आहेत. अजून मारलं नाही, म्हणून लवकर आलोय.’

साहेबांनी या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. काकांकडे बघितलं. उभे राहिले, स्वतः खुर्ची पुढे सरकवली. ‘बसा काका. बरं झालं आधी आलात. सावकाश सांगा.’

आणि मी, जिचा बहिष्कार स्थगित होता, ती ओरडले, ‘असं कुठं असतं का! हद्दीचं विचारलं नाही! काही झालं की या म्हटलं नाही! धादांत खोटं आहे हे!’

‘गप गं!’ बिल्डिंग म्हणाली.

गप्प बसले. पण खरं सांगते, त्या मालिकेत आजवर दाखवलेल्या सगळ्या खुनांपेक्षा ती सरकवलेली खुर्ची मला जास्त धक्कादायक वाटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याचा संताप आला होता.

सळईवाला चौकीच्या दारातच पकडला गेला. काका घरी परत आले. खरोखर परत आले, जिना चढून, पिशवीत भाजी. टीव्हीवरच्या बायकोनं दार उघडलं, त्यांना बसवून चहा दिला, ते चहा प्यायले, आणि संपलं. ना साहेबांचा उपदेश, ना कुणी रडलं. टाळ्या, शिट्ट्या, पोरं काकांच्या अंगावर. कुणीतरी बर्फी वाटली. काकू मात्र टीव्हीकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

‘काय झालं?’ काकांनी जरा घाबरतच विचारलं. ‘नाही आवडलं?’

‘त्या बाईनं चहात साखर घातली असंल,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्हाला शुगर हाय ते सांगितलं नव्हतं का तिला?’ आणि मग मनगट न सोडता, हळूच, ‘चालता चांगलं तुम्ही.’

काकांना पोटाचा रियाज होता, माशीचा होता, गाल न हलवण्याचा होता. याचा नव्हता. त्यांचं सगळं तोंड हललं.

मालिका पुढच्या आठवड्यात पुन्हा साच्यात गेली. पहिल्या जाहिरातीआधी मढं, खिडकी, रिपोर्ट, रडणारा खुनी. प्रेक्षकांना खूनच लागतो म्हणे. यावर पत्रक येतंय. काकाही पुन्हा मरायला लागले, आणि काकूंनी पुन्हा टीव्ही बंद करायला सुरुवात केली. मी आता उल्हासनगरला राहते, आणि खिडक्यांपुढे उभी राहून ओरडायचं काम चालूच आहे. पण हल्ली मी चप्पल दाराबाहेर काढते. समोरचा जरा गडबडतो.

परवा सकाळी कात्रपला गेले होते. काका नवीन टेरिकॉट घालून निघत होते. वांगणीला शूटिंग. काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘आज पोलीस आधी येणारेत का नंतर?’

काका चपला घालत म्हणाले, ‘नंतर.’

‘बरं,’ काकू म्हणाल्या. ‘मग पाला काढून ठेवते.’